नव्या लाकडाची झीज

१

नवरा, किशोर, फुलांच्या दुकानात गेला, भांडी झाली, कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतून झालं, की रूपाली मागच्या खोलीत यायची आणि लाकूड घासायला बसायची. अकोल्याच्या मे महिन्यात दुपारी बाराला शहाणी माणसं दारं-खिडक्या लावून आडवी होतात. कुत्रीसुद्धा नालीतून डोकं वर काढत नाहीत. कौलखेडच्या त्या गल्लीत त्या वेळी जागे असायचे ते दोघेच, एक कूलर आणि एक रूपाली.

ती युकुलेली बनवत होती. युकुलेली म्हणजे गिटारचं धाकटं भावंड, चार तारांचं, काखेत मावेल एवढं. मुलगा विपुल पुण्याला शिकायला होता. त्याने सुट्टीत मोबाईलवर एका बाईला ते वाजवताना दाखवलं आणि रूपालीच्या ते मनात भरलं. "मागवून देतो ना, आई, दोन दिवसांत घरी येईल," तो म्हणाला. "विकतचं नको. मी करीन," ती म्हणाली. जन्मात तिने लाकडाची एकच वस्तू केली होती, शाळेत असताना पाट, आणि तोही डुगडुगायचा. पण त्या दिवसांत तिला नाही म्हणायची घरात कुणाची हिंमत नव्हती.

दिवाळीच्या तोंडावर तिच्या डाव्या स्तनात गाठ निघाली होती. ऑपरेशन झालं, नागपूरला सहा केमो झाल्या. गेलेले केस बोटभर परत आले. बोटांच्या टोकांची जाणीव मात्र परत आली नव्हती. तापलेला तवा तिने दोनदा उघड्या हाताने उचलला, तेव्हा किशोरच ओरडला होता. डॉक्टर म्हणाले, काहीतरी बारीक हातकाम करत राहा. आणि म्हणाले, मेच्या अखेरीला पुन्हा स्कॅन करू, मग पाहू.

त्या 'मग पाहू'च्या पलीकडे रूपालीला काहीच दिसत नव्हतं. कॅलेंडरचं जूनचं पान ती उलटून बघत नसे. मनाशी मात्र तिने एक खुळा हिशोब मांडला होता, की हे वाद्य पुरं होईस्तोवर आपल्याला काही होत नाही. म्हणून ती काम जपून करायची. आज दोन तास, उद्या दीड, परवा एकच.

२

शिकवायला नत्थुजी होते. बार्शीटाकळीचे म्हातारे सुतार, हयात दारं-चौकटींत गेलेली. दर मंगळवारी ते अकोल्याच्या आरा मशीनवर लाकूड बघायला येत आणि जाता जाता रूपालीकडे चहाला टेकत. सागवानाचे तुकडे त्यांनीच आणून दिले होते.

"हे काय करून राहिल्या बाई? खेळणं?"

"वाद्य हाय, काका."

"मंग वीणा करा ना सरळ. देवाच्या कामी तरी येईन."

पण बोलता बोलता त्यांनी तिला रंधा धरायला शिकवला. बाजूच्या पातळ पट्ट्या पाण्यात भिजवून तापल्या लोखंडी नळीवर वाकवायला शिकवलं. पहिली पट्टी तडकली, दुसरी तडकली, तिसरी जळली. चौथी वळली तेव्हा रूपालीने एकटीनेच टाळ्या वाजवल्या. चिकटवलेल्या कडा धरून ठेवायला घरातले कपड्यांचे सगळे चिमटे लागले, आणि आठवडाभर किशोरचं बनियन उडून शेजारच्या गच्चीवर जात राहिलं. तो बिचारा रोज संध्याकाळी मागायला जायचा.

मग वाद्याचं पोट बंद करायचा दिवस आला. मागची फळी चिकटवायची, की आतली जागा कायमची आत. फळीला गोंद लावून झाला आणि रूपालीचा हात थबकला. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, चिमूटभर साखर तरी घालायची, हे वऱ्हाडातल्या पोरीला कुणी शिकवावं लागत नाही. तिची आई, अमरावतीच्या पार्बताबाई, तर रिकाम्या डब्यावर झाकणसुद्धा ठेवू देत नसत. रूपाली उठली, स्वयंपाकघरातून चिमूटभर ज्वारी आणली, आत टाकली आणि मग फळी बसवली. हात आपल्या वळणावर गेला, डोक्याला विचारलं कुणी?

दुसऱ्या दिवशी उचललं, तर आतून खुळखुळ.

मंगळवारी नत्थुजी हसून हसून खोकले. "बाई, वाद्य केलं का पोट्ट्याचा खुळखुळा? नाचता येईना अंगण वाकडं ऐकलं होतं, पन हे नवीनच!" समोरच्या भोकातून त्यांनी उलटं-सुलटं करून थोडे दाणे काढले. बाकीचे आतल्या खाचांतून फिरत राहिले, बाहेर काही येईनात. "राहू द्या आता. कोनी हात लावला का साऱ्या घराले समजन."

३

ते समजलं चौथ्या दिवशी.

सव्वाबारा झाले होते. रूपाली स्वयंपाकघरात उभ्या उभ्या ताक पीत होती. मागच्या खोलीतून आवाज आला, खुळ्. मग लांबलचक खुळखुळ, एखाद्याने वाद्य टेबलावरून उचलून मांडीवर घ्यावं तशी. मग सगळं शांत.

ती जाऊन बघते तर वाद्य टेबलावर, ठेवलं तिथेच.

उंदीर, ती म्हणाली, आणि पिंजरा लावला. पिंजऱ्यातली भाकर वाळून गेली, उंदीर आला नाही. मग म्हणाली, कूलर. तो हादरतो, त्याने टेबल हादरतं. दुसऱ्या दिवशी तिने कूलर बंद केला आणि घामाने निथळत स्वयंपाकघरात बसून राहिली. सव्वाबाराला आवाज आला. कूलर बंद असल्याने आणखी स्पष्ट आला. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. रूपालीने त्या दोन दिवसांत काय काय चिंतलं ते तिच्या वैऱ्याच्याही डोक्यात आलं नसतं.

मंगळवारी तिने नत्थुजींना आवाजाचं सांगितलं नाही. नुसती वाद्याची मान दाखवली. सोमवारी तिने ती पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केली होती, वरपासून खालपर्यंत एकसारखी. आता मानेच्या मागच्या अंगाला, जिथे वाजवणाऱ्याचा अंगठा टेकतो तिथे, हलकासा खोलगट भाग झाला होता.

नत्थुजींनी डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"हे तुमी घासलं?"

"नाई, काका."

"घासल्यानं असं होतच नाई. पॉलिश पेपर सगळीकडून सारखा खाते. हे..." ते थांबले. "माह्या आज्याच्या वखराची मूठ अशी झाली होती. हे वापरलेलं हाय, बाई."

"कालच तर तयार केली मान. अजून ताराबी लावल्या नाई."

"थेच म्हनतो मी."

"किती वर्सं लागतात असं व्हायले?"

"रोज हातात घेतलं तं वीस. पंचवीस." त्यांनी वाद्य टेबलावर ठेवलं आणि हात धोतराला पुसला. चहा तसाच ठेवून ते निघून गेले. त्यानंतर मंगळवारी काही आले नाहीत, गुडघा दुखतो असा निरोप आला.

४

रूपालीने वाद्याला लाखेचं पॉलिश दिलं. दुसऱ्या दिवशी बघितलं तर सगळं चकचकीत, फक्त वरच्या कडेला, वाजवताना हात टेकतो तेवढ्या जागेवर, चमक गेलेली. घामाने जाते तशी. मानेवर सुरांच्या जागा ठरवणाऱ्या नव्या कोऱ्या पितळी पट्ट्या बसवल्या. त्यांच्या मधल्या लाकडाला बोटांच्या खळ्या पडल्या होत्या, आणि पट्ट्या अजून कोऱ्याच होत्या. त्या खळ्यांत बोटं ठेवून बघायचा तिला धीर झाला नाही.

रात्री जेवताना तिने किशोरला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, आणि आजारी माणसाकडे बघतात तसं बघितलं.

"केमोनं होते म्हने असं. डॉक्टर बोलले होते ना, भास..."

"मले भास होऊन राहिले?"

"तसं नाई म्हटलं मी."

"तसंच म्हटलं."

सकाळी दुकानात जाण्याआधी त्याने मागच्या खोलीची खिडकी आतून लावली, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली तिच्या हातात दिली. "आता कोनाचाच हात लागनार नाई," तो म्हणाला. बायकोला समजावण्यापेक्षा कुलूप लावणं त्याला सोपं वाटलं असावं. रूपालीने किल्ली गाऊनच्या खिशात ठेवली आणि दिवसभर मुठीत धरली.

सव्वाबाराला बंद दाराआडून खुळखुळ झाली. ती दाराला कान लावून उभी राहिली. आत लाकडावर बोटांनी ताल धरला होता. एक दोन तीन चार, एक दोन तीन, आणि तिथे तो चुकला. मग जिभेचा बारीक आवाज आला. च्.

उंदीर असो, चोर असो, आणखी काही असो, त्याला आपलं चुकल्याचं वाईट कशाला वाटेल? आत जे कोण होतं ते शिकत होतं.

वाद्य मोडून चुलीत घालावं असं तिच्या मनात आलं, एकदा नाही, दहादा आलं. पण तो खुळा हिशोब आडवा यायचा. अर्धवट मोडलं तर आपलंही अर्धवटच मोडेल. आणि पुरं केलं तरी भीती होतीच. तारांचं पाकीट विपुलने धाडलं होतं. ते तिने स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये, न फोडता, चहागाळणीच्या खाली ठेवून दिलं.

५

सोमवारी नागपूरला स्कॅन झाला. रिपोर्ट गुरुवारी दुपारी फोनवर सांगणार होते. त्या चार दिवसांत किशोर आणि रूपाली एकमेकांशी फक्त भाजीबद्दल बोलले.

गुरुवारी ती स्वयंपाकघरात मोबाईल समोर ठेवून बसली. बारा झाले. सव्वाबारा. खुळखुळ झाली आणि तिने मान वर केली नाही. तिला आता त्या आवाजाची सवय होत आली होती.

मग तार वाजली.

एक सूर, सावकाश. मग दुसरा, तिसरा, चौथा. रूपालीने ड्रॉवर ओढला. चहागाळणी बाजूला केली. पाकीट तसंच होतं, चिकटवलेलं, आत चारही तारा गुंडाळलेल्या. तिने ते हातात धरलं, आणि आतल्या खोलीत कुणीतरी त्याच तारांवर एक साधं गाणं वाजवत राहिलं.

शेजारी जावं, किशोरला फोन करावा, असं कुणालाही सुचलं असतं. रूपालीला राग आला. पाच महिने ती विष पचवत होती. तीन पट्ट्या मोडून एक वळवली होती, आणि ते वाद्य वाजवायचा पहिला मान दुसऱ्याच कुणी घ्यावा? तिने कुलूप काढलं आणि दार ढकललं.

कूलरचा आवाज नव्हता, कारण तिथे कूलरच नव्हता. खोलीत हिरवट उजेड होता. खिडकीभर कडुनिंब होता, जुना, दाट. त्यांच्या खिडकीबाहेर गेल्या वर्षीच लावलेलं कमरेएवढं रोप होतं, लोखंडी जाळीतलं. भिंती निळ्या होत्या.

खिडकीकडे तोंड करून एक म्हातारी बसली होती. पाठमोरी. सुती लुगडं, खांदे वाकलेले, आणि पाठीवर पांढरी, बारीक वेणी, कमरेपर्यंत. तिच्या मांडीवर वाद्य होतं, जुन्या गुळासारखं काळपट. तिची बोटं एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना अडखळली. च्, ती स्वतःशीच म्हणाली.

डावीकडच्या भिंतीवर एक फोटो होता. फोटोला हार होता. खिडकीचा उजेड काचेवर आल्याने चेहरा दिसत नव्हता.

रूपाली दाराची कडी धरून उंबरठ्यावर उभी राहिली.

"दार लाव वं," म्हातारी मागे न बघता म्हणाली, "ऊन येऊन राहिलं."

आवाज आईचा होता. चव्वेचाळीस वर्षांच्या रूपालीने लहानपणी ऐकायची तसं मुकाट ऐकलं. तिने दार लावून घेतलं.

६

अमरावतीला फोन लागेपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"आई, तू कुठं हायेस?"

"कुठं राहीन? घरीच. अंबाडी निसून राहिली. काहून वं? आला का फोन दवाखान्याचा?"

"नाई अजून." तोच आवाज होता, किंचित घोगरा, शब्दाच्या शेवटी उतरणारा. आई बाहत्तर वर्षांची, अमरावतीत, अंबाडी निवडत. "आई, आजीचा आवाज कसा होता?"

"माह्या आईचा? माह्यासारखाच. फोनवर लोकं फसत. आपल्या घरच्या बायकायचा आवाज म्हातारपनी असाच होते, तुहाही होईन. पन हे आता काहून सुचलं तुले?"

फोन रूपालीच्या हातातून निसटला आणि मांडीवर पडला. तिच्या तोंडून आपोआप निघालं, च्.

ती खाली फरशीवर बसली. आई मांडीवरून हॅलो हॅलो करत होती. रूपाली हसत होती, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि तिला ते थांबवायचं नव्हतं. पाठ बघितली, चेहरा कुठे बघितला? तिने स्वतःलाच विचारलं. म्हातारी तर कुणीही असेल. उन्हाने डोळ्यांपुढे काहीही येतं. सगळं खरं होतं. पण कमरेपर्यंतची वेणी! बोटभर केसांची तेवढी वेणी व्हायला वर्षं लागतात. आणि ती पांढरी व्हायला तर किती, याचा विचार करताना तिला आठ महिन्यांत पहिल्यांदा भूक लागली.

मग तिला फोटो आठवला.

त्या भिंतीवर तिने आठ महिने मनातल्या मनात स्वतःचा फोटो लावला होता. कोणता लावतील, हेही ठरवलं होतं, नात्यातल्या एका लग्नातला, हिरव्या शालूतला. पण ती तर खिडकीशी बसली होती. चुकत होती, पुन्हा वाजवत होती.

चेहरा दिसला नव्हता. हार दिसला होता, नीट दिसला होता. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या फुलांचा, धूळ बसलेला. आणि किशोर तीन पिढ्यांचा माळी. पाहुण्यांनी गणपतीला आणलेला प्लॅस्टिकचा हार त्याने त्यांच्यादेखत कचऱ्यात टाकला होता. त्याच्या जिवात जीव असेपर्यंत या घरात प्लॅस्टिकचं फूल भिंतीवर चढणार नव्हतं.

बाहेर चव्वेचाळीस डिग्री होतं. रूपालीने आईचा फोन ठेवला आणि ती फाटकाकडच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली.

दीड वाजता फाटक वाजलं. किशोर जेवायला आला. ओट्याच्या तीन पायऱ्या. रूपाली खिडकीतून बघत होती. दुसऱ्या पायरीवर तो थांबला, भिंतीला हात लावला, दम घेतला आणि मग तिसरी चढला. हे कधीपासून? घरातल्या सगळ्यांची नजर आठ महिने तिच्यावर होती. तिची स्वतःचीही. या माणसाकडे कुणी बघितलंच नव्हतं.

"आला का फोन?" त्याने विचारलं.

"नाई."

तो ताटावर बसला. दोनच घास झाले असतील, तोच मोबाईल वाजला. नागपूरचा नंबर. किशोरने ताट बाजूला सारलं.

"उचल, रूपाली."

"उचलते. आंदी मले सांगा, हा दम कवापासून लागून राहिला तुमाले?"

"कोनता दम? अवं, फोन वाजून राहिला!"

"वाजू द्या. पायरीवर थांबले होते तुमी. कवापासून?"

त्याने तिच्याकडे बघितलं. खोटं बोलायची त्याची तयारी दिसली, मग ती मोडली. "दिवाळीपासून," तो म्हणाला. "डाव्या हाताले कळ येते कधी कधी. तुह्यंच एवढं चालू होतं, मी काय सांगू?"

रूपालीने फोन उचलला. पलीकडे दवाखान्यातली मुलगी होती. ती हसऱ्या आवाजात सांगत होती, स्कॅन स्वच्छ आहे, मॅडम, काहीही नाही, डॉक्टरांनी आता एकदम सहा महिन्यांनी बोलावलंय, अभिनंदन. आवाज बाहेरपर्यंत येत होता. किशोरने उष्ट्या हातानेच तोंड झाकलं आणि तो लहान मुलासारखा रडू लागला.

"हो ताई, सहा महिन्यांनी मी येतेच," रूपाली म्हणाली. किशोरच्या वर-खाली होणाऱ्या छातीवरून तिची नजर हलत नव्हती. "पन मले सोमवारची वेळ द्या. नाई, माह्यासाठी नाई. तुमच्याकडं हृदयाचे चांगले डॉक्टर कोन हायेत? नाई, सोमवार नको, उद्याचीच द्या. आमी सकाळच्या गाडीनं निघतो."